वॉरंटी इम्प्लांटची, शरीर आपले

तीनशे सीसीचे स्तनांचे इम्प्लांट म्हणजे नेमके किती मोठे? हे कळावे म्हणून अमेरिकेतल्या कित्येक जणी घरी कच्चे तांदूळ मोजून पायमोज्यात भरतात, त्याला गाठ मारतात, ब्रामध्ये ठेवतात आणि दिवसभर तशाच वावरून पाहतात. सर्जनकडे हेच काम सिलिकॉनचे नमुने करतात. पुढे कॅटलॉग असतो: गोल की थेंबाच्या आकाराचे, गुळगुळीत की खडबडीत, उभार कमी की जास्त. परवडत नसेल तर हप्त्यांची सोय आहे. आत बसवलेले इम्प्लांट फुटले तर कंपनी वॉरंटीत नवे देते. बोटॉक्ससारख्या उपचारांवर तर खरेदीचे पॉइंटही जमा होतात.

शरीर उघडून आत ठेवायची वस्तू इतक्या सहज दुकानदारीत कशी आली, याचे मला फार नवल वाटते. सुरुवात तर अगदी वेगळी होती. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे सर्जन फ्रँक जेरो यांच्या हाती रक्ताची प्लास्टिकची पिशवी आली. ती दाबताना तिचा मऊ, भरीव स्पर्श त्यांना स्तनासारखा वाटला. थॉमस क्रोनिन यांच्यासोबत त्यांनी डाऊ कॉर्निंग कंपनीकडून सिलिकॉनचे इम्प्लांट करून घेतले, आधी एका कुत्रीवर तपासले आणि 1962 मध्ये पहिल्यांदा एका बाईच्या शरीरात बसवले. ती बाई आली होती गोंदण काढून घ्यायला. स्तन मोठे करण्याची कल्पना डॉक्टरांची होती. तिला स्वतःला कान नीट करून हवे होते, तेही त्यांनी करून दिले.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टरांनी जाहिरात करणे त्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेत बसत नव्हते. या बंदीमुळे स्पर्धा मारली जाते, असे म्हणत तिथल्या व्यापार आयोगाने 1975 मध्ये संघटनेविरुद्ध तक्रार दाखल केली, आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयोगाचा आदेश कायम राहिला. त्याच वर्षी प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने सरकारी औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, कळवले की लहान स्तन हा एक प्रकारचा आजारच आहे. निरोगी बाईला आधी आजारी ठरवायचे आणि मग तिला उपाय विकायचा, हे मला आजही अस्वस्थ करते.

इम्प्लांट आत गेल्यावर जे घडते ते मात्र कुठल्याही कॅटलॉगपेक्षा विलक्षण आहे. शरीराला ही परकी वस्तू पचवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. मग ते तिच्याभोवती कोलॅजेनच्या धाग्यांचे वेष्टण विणते. हे प्रत्येक इम्प्लांटभोवती होतेच, आणि बहुतेकदा वेष्टण पातळ, मऊ राहते. काही जणींच्या शरीरात मात्र ते आवळत जाते. स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

यावर तोड म्हणून खडबडीत पृष्ठभाग आला. ॲलर्गन कंपनीच्या 'बायोसेल' प्रकारात कच्च्या सिलिकॉनवर मिठाचे कण बसवत आणि नंतर ते धुऊन काढत. मागे सूक्ष्म खळगे उरत. त्या खळग्यांमुळे धागे एका दिशेने रांगेत लागू नयेत, म्हणजे वेष्टण आवळणार नाही, अशी अपेक्षा होती. थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट आत फिरू नये म्हणूनही त्याचा उपयोग होता. किती हुशारीची युक्ती! पण याच खडबडीत कवचांभोवतीच्या वेष्टणात लिम्फोमा हा कर्करोग, त्याचा एक दुर्मीळ प्रकार, आढळू लागला. जुलै 2019 मध्ये एफडीएने जगभरातल्या 573 रुग्णांची नोंद दिली. त्यांतल्या 481 जणींचे इम्प्लांट ॲलर्गनचे होते, आणि 33 मृत्यू झाले होते. 'बायोसेल' बाजारातून परत घेण्यात आले. ज्यांच्या शरीरात ते आधीच होते आणि काही त्रास नव्हता, त्यांना ते काढायचा सरसकट सल्ला नव्हता. लक्षणांवर नजर ठेवायला सांगितले गेले.

वॉरंटी इम्प्लांटची असते, आणि वेष्टण विणते ते शरीर. खरेदीच्या भाषेत नेमका हाच भाग येत नाही. म्हणून ऑक्टोबर 2021 मधला एफडीएचा आदेश मला मोलाचा वाटतो. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारे नाही, पुढे आणखी शस्त्रक्रिया लागू शकतात, ते फुटले तरी बाहेरून कळेलच असे नाही म्हणून काही वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहायचे, हे सगळे एका यादीत लिहून रुग्णापुढे ठेवावे लागते. ती एकेक मुद्दा वाचते, त्यापुढे आपली आद्याक्षरे घालते, शेवटी सही करते. खाली सर्जनचीही सही लागते, आणि जो डॉक्टर ही यादी देत नाही त्याला कंपनीने इम्प्लांट विकायचे नाही.