पाटी ताजी, संकेतस्थळ शिळे

सकाळी दुकान उघडले की उंबरठा झाडावा, देवापुढे उदबत्ती लावावी आणि मगच गल्ल्याशी बसावे, ही महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांची जुनी रीत आहे. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते, पाटीवरचा रंग उडाला तर तो पुन्हा दिला जातो. परंतु याच व्यापाऱ्याचे आणखी एक दुकान असते आणि त्याचा उंबरठा मात्र वर्षानुवर्षे झाडला जात नाही. हे दुकान म्हणजे त्याचे संकेतस्थळ.

मालवण परिसरात पर्यटकांची घरगुती निवासाची सोय करणाऱ्या कुटुंबाचेच उदाहरण घ्यावे. मोठ्या हौसेने संकेतस्थळ तयार होते; त्यावर खोल्यांची छायाचित्रे, भाड्याचे दर आणि दूरध्वनी क्रमांक येतात. पुढे दर वाढतात, क्रमांक बदलतो. पान मात्र जागचे हलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नोंदणीकृत व्यावसायिकाच्या पानावर त्यानंतरही जुनाच कर दिसत राहिला, तर गिऱ्हाइकाला विसराळूपणापेक्षा लबाडीचा संशय आधी येतो. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. एवढी एक ओळ वेळेवर लिहिली गेली नाही, की घाटावरून आलेल्या कुटुंबाला किनाऱ्यावरूनच किल्ला पाहून परतावे लागते. त्यात पैसा जातो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विश्वास जातो.

या दुर्लक्षाचे कारण केवळ आळस नव्हे. संकेतस्थळ म्हणजे छापील माहितीपत्रक, एकदा काढले की काम संपले, अशी समजूत त्याच्या मुळाशी आहे. वस्तुतः संकेतस्थळाचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. असे प्रमाणपत्र नसलेल्या संकेतस्थळांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारण्यास क्रोम या ब्राउझरने जुलै २०१८ मध्ये प्रारंभ केला. शिवाय ज्या प्रणालीवर पाने उभी असतात, तिच्यातील उणिवा वेळोवेळी बुजवाव्या लागतात. न बुजविल्यास परक्यांना आत शिरण्यास वाट मिळते. मोठेही यातून सुटलेले नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीला आपल्या ‘पासपोर्ट’ सेवेच्या नावाचे शुल्क भरण्याचा विसर पडला आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांची अडचण झाली. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. मोठ्या कंपनीची अब्रू अशा रीतीने वाचू शकते; लहान दुकानदाराच्या मदतीला कोण धावणार?

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. बहुधा संकेतस्थळ भाच्याने किंवा ओळखीच्या एखाद्या तरुणाने करून दिलेले असते. नोंदणी त्याच्या नावावर, परवलीचा शब्दही त्यालाच ठाऊक. तो नोकरीनिमित्त परगावी गेला, की दुकान मालकाचे आणि किल्ल्या परक्याच्या, अशी अवस्था होते. ज्या घरात तिजोरीची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली जात नाही, तेथे हा व्यवहार मात्र निःशंकपणे चालतो.

व्हॉट्सॲप आणि गूगलचा नकाशा असताना संकेतस्थळ हवेच कशाला, असाही सवाल केला जातो. तो अगदीच अनाठायी नाही. या साधनांमुळे पुष्कळांचा धंदा चालतो. परंतु ती जागा दुसऱ्याची आहे. तेथील नियम मालक ठरवितो आणि तो ते केव्हाही बदलू शकतो. स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ हे लहान असले तरी स्वतःचे छप्पर आहे. म्हणूनच ते गळू न देण्याची काळजी घेतली पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. नोंदणी मालकाच्या नावे असावी, परवलीचे शब्द घरात सुरक्षित ठेवावेत आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावी. मजकुराची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. महिन्यातून एक दिवस मुक्रर करून पत्ता, क्रमांक, वेळा आणि दर तपासावेत. आणि हे काम दुकानातील एका ठरलेल्या माणसाकडेच द्यावे, कारण सर्वांचे काम ते कोणाचेच नसते. एवढेही जमणार नसेल, तर दहा शिळ्या पानांपेक्षा एकच खरे पान ठेवावे, हे उत्तम.

लहान व्यापाऱ्याजवळ मोठी जाहिरात करण्याइतके भांडवल नसते. त्याचे भांडवल त्याचा शब्द हेच असते. पेढीवर बसून तो जो शब्द पाळतो, तोच पडद्यावर मोडला जात असेल, तर ती हानी कोणत्याही खतावणीत दिसत नाही. न आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कोणत्याच वहीत होत नसते.