विरोधी बाकावरची हिंगोली

संपादकांनी विषय दिला होता मराठवाड्यातल्या संसदपटूंचा. मी तो सवयीनं हिंगोलीपुरता आखडून घेतला, आणि त्यातही विरोधी बाकांपुरता. सरकार पक्षाच्या खासदारानं दिवसभर बाक वाजवावा आणि संध्याकाळी निवेदन घेऊन मंत्र्याच्या बंगल्यावर जावं, यात आढावा घेण्यासारखं फारसं काही नसतं. कायदेमंडळ चालतं ते विरोधकांच्या जोरावर, हे माझं जुनं तुणतुणं. कंटाळलेल्या वाचकांनी खुशाल पान उलटावं.

१९७७ साली हिंगोली मतदारसंघातून पहिली निवडणूक झाली तेव्हा हिंगोली जिल्हा अस्तित्वात नव्हता. परभणीतून तो वेगळा निघाला १ मे १९९९ रोजी. पहिले खासदार चंद्रकांत पाटील जनता पक्षाचे, म्हणजे सत्तेतले. मग उत्तमराव राठोड सलग तीनदा. त्यातला १९८९ नंतरचा काळ तेवढा विरोधातला. पुढचं भराभर सांगतो: विलासराव गुंडेवार, शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा सूर्यकांताताई (या खेपेला केंद्रात राज्यमंत्री, खातं चक्क संसदीय कामकाजाचंही), मग सुभाष वानखेडे. आपल्या कडोळीचे नानाजी देशमुखही लोकसभेत गेले, पण बलरामपूरहून.

ही यादी नीट पाहा. १९९१ पासून नऊ निवडणुका झाल्या आणि हिंगोलीनं लागोपाठ दोनदा एकालाही पाठवलेलं नाही. तिकडे राजापूरनं नाथ पैंना तीनदा निवडून दिलं, मधू दंडवत्यांना पाचदा. गोलकनाथ निकालानंतर, १९६७ साली, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं खासगी विधेयक नाथ पैंनी मांडलं, तेव्हा सभागृहात त्यांची दहा वर्षं झाली होती. नियमावली अंगवळणी पडायलाच एक टर्म जाते. वक्ता जन्माला येत असेल. संसदपटू मात्र दुसऱ्या टर्ममध्ये घडतो. आम्ही हिंगोलीकर पहिल्या टर्मनंतर माणूस घरी बसवतो आणि वर विचारतो, आमच्याकडे नाथ पै का झाले नाहीत!

अपवाद म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवता येईल ते राजीव सातव, आणि त्यांनाही लोकसभेत एकच टर्म मिळाली. कळमनुरी तालुक्यातल्या मसोडचे. आई रजनीताई राज्यात मंत्री. पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा असं करत करत २०१४ साली, मोदी लाटेत, ते अवघ्या १,६३२ मतांनी लोकसभेत पोचले. महाराष्ट्रातून काँग्रेसचे दोनच निवडून आले: शेजारच्या नांदेडचे अशोक चव्हाण आणि हे. देशभरात पक्षाचे ४४, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदाला लागणारे दहा टक्केही नाहीत. अशा सभागृहात बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्येच्या प्रमाणात. मग मागच्या रांगेतल्या खासदारानं करायचं काय?

प्रश्न विचारायचे. सातवांनी पाच वर्षांत हजाराहून अधिक विचारले. यावर आमच्या पुण्या-मुंबईकडच्या एका विद्वान मित्रानं मागे लिहिलं होतं, की हे कारकुनी काम आहे, प्रश्न कुणीही सहायक खरडून देतो आणि ‘संसदरत्न’सारखे पुरस्कार म्हणजे आकड्यांची बक्षिसं. आकडे फुगतात, हे मलाही मान्य. पण या मित्रानं लेखी प्रश्नाचं उत्तर कधी मन लावून वाचलं असेल, असं वाटत नाही.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, मग सोडत. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं उत्तर कागदावर, पटलावर. विधानसभेत ज्यानं काम केलंय त्याला आपली ती साखळी पाठ असते: हे खरे आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. या ‘नसल्यास’मध्ये सगळी मेख असते. सरकारला ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही, कारण सांगावं लागतं. आणि ‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’ असं म्हणून हात झटकले, तर ते उत्तर आश्वासन ठरतं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं, नाहीतर आश्वासन समिती मागे लागते. सोयाबीनच्या पीकविम्यावर टाळ्या घेणारं भाषण दुसऱ्या दिवशी विरून जातं. खात्यानं कागदावर दिलेला आकडा दहा वर्षांनीही खोडता येत नाही. सातवांची ही शिस्त मुंबईच्या विधानभवनातून दिल्लीला गेली, असं माझं मत आहे.

ते केवळ कागदी खासदार होते असंही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये काँग्रेसच्या २५ खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं गेलं, त्यात ते होते. निलंबित करणाऱ्या अध्यक्षा सुमित्राताई महाजन, आपल्या चिपळूणच्या माहेरवाशीण. २०१९ ला सातव उभेच राहिले नाहीत. गुजरातची जबाबदारी त्यांच्याकडे होती. काँग्रेसनं तिकीट दिलं ते वानखेड्यांना, ज्यांना २०१४ साली सातवांनी हरवलं होतं त्यांनाच. आमच्या राजकारणाची गंमत याहून नेमकी सांगता येणार नाही.

२०२० मध्ये सातव राज्यसभेत गेले. करोनामुळे त्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द झालेला. म्हणजे तोंडी प्रश्नांचं हत्यार दारातच काढून घेतलेलं. तीन कृषी विधेयकांपैकी दोन २० सप्टेंबरला आली. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही. आवाजी मतदानानं विधेयकं मंजूर. गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित, त्यांत सातव. आठही जणांनी ती रात्र संसदेच्या आवारात गांधीजींच्या पुतळ्यापाशी धरणं धरून काढली. सकाळी उपसभापती हरिवंश चहा घेऊन आले. वर्तमानपत्रांनी त्या चहावर रकानेच्या रकाने लिहिले. मतविभागणी मागितली तर ती द्यावी लागते, या नियमावर मोजक्याच ओळी.

१६ मे २०२१ रोजी पुण्यात करोनानंतरच्या गुंतागुंतीनं सातव गेले, वय ४६. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला ते तिन्ही कायदे मागे घेण्याचं विधेयक लोकसभेत काही मिनिटांत, चर्चेविना मंजूर झालं. आले तेव्हा मतं मोजली गेली नाहीत, गेले तेव्हा चर्चा होऊ दिली नाही.

पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. डिसेंबर २०२३ च्या एका अधिवेशनात १४६ खासदार बाहेर काढले गेले. आमच्या उमेदीत जिल्ह्याची वर्तमानपत्रं अधिवेशनकाळात दिल्लीतल्या प्रश्नांची उत्तरं आतल्या पानावर छापत; वसमतचा हळदीचा व्यापारीही ती वाचून भावाचा अंदाज बांधी. आता सगळी उत्तरं संगणकावर फुकट मिळतात आणि उघडून पाहणारा सापडत नाही. खासदाराच्या भाषणाची मोबाइलवर फिरणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते.

२०२४ ला ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर निवडून आले आणि हिंगोली पुन्हा विरोधी बाकावर बसली. त्यांच्या कामाचं मोजमाप पहिल्याच टर्ममध्ये करायला मी बसणार नाही. २०२९ ला हिंगोलीकर त्यांना पुन्हा पाठवतात की दहाव्या निवडणुकीतही जुनीच खोड चालवतात, ते आधी कळू द्या.