बर्फावरचे गुरुजी

हॉकी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि ध्यानचंद उभे राहतात. पण कॅनडात हॉकी खेळतात ती बर्फावर! पायांत पोलादी पात्यांचे बूट आणि चेंडूच्या जागी कडक रबराची, सुमारे १७० ग्रॅम वजनाची चकती.

मी जन्मभर शाळेत खो-खो शिकवला. त्यामुळे कोणताही खेळ असो, माझे लक्ष खेळाडूंपेक्षा त्यांच्या गुरुजींकडेच अधिक. अशा गुरुजींत माझे लाडके म्हणजे टो ब्लेक.

खरे नाव हेक्टर. धाकट्या बहिणीला ते म्हणता येईना. ती 'हेक्टो' म्हणे. त्यातला 'टो' तेवढा उरला! मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघातून ब्लेक गाजले. १९३९ साली लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले. १९४८ च्या जानेवारीत पाय मोडला आणि त्या लीगमधला त्यांचा खेळ संपला.

पण माणूस संपला नाही. लहान संघांना शिकवीत शिकवीत १९५५ साली ते आपल्याच जुन्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९५६ ते १९६० या पाच वर्षांत स्टॅन्ले चषक ओळीने पाच वेळा जिंकला. हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

स्वभाव मात्र कडक. गोलरक्षक जाक प्लान्त सरावात मुखवटा घाली. सामन्यात ब्लेक तो घालू देत नसत. मुखवट्याने चकती नीट दिसत नाही, असे त्यांचे मत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कला चकती प्लान्तच्या तोंडावर बसली. टाके घालून झाल्यावर तो म्हणाला, मुखवट्याशिवाय बर्फावर उतरणार नाही. दुसरा गोलरक्षक नव्हता. ब्लेक यांनी हट्ट सोडला. सामना ३–१ असा जिंकला आणि पुढे मुखवटा रूढच झाला.

मला इथे आमचा एक विद्यार्थी आठवतो. गुडघा दुखतो, पट्टी बांधून खेळू का, असे त्याने विचारले. "असले लाड मैदानावर चालायचे नाहीत!" मी गरजलो. तो निमूटपणे खेळला, पडला, आणि पुन्हा कधी मैदानावर आला नाही.

१९६८ साली निवृत्त झाले तेव्हा प्रशिक्षक म्हणून ब्लेक यांच्या नावावर आठ चषक होते. माझ्या शाळेच्या कपाटातही काही ढाली आहेत. त्या पुसताना तो गुडघा आठवतो.