पावणेसात क्विंटलची शांतता

सप्टेंबर २०१६च्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ५ तारखेला जिओची सेवा देशभर सुरू झाली आणि ७ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलने आयफोन ७ दाखवला. त्या फोनला हेडफोनची पिन खुपसायची जागाच नव्हती. तिच्याऐवजी आले होते कानात घालायचे दोन सुटे, बिनवायरचे तुकडे. नाव एअरपॉड्स. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात अप्रूप होतं ते पहिल्या गोष्टीचं. दुसरीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं, कारण त्या तुकड्यांना भारतात १५,४०० रुपये मोजावे लागत होते.

या दोन गोष्टींची गाठ पडायला तीन-चार वर्षं लागली. डेटा स्वस्त झाला तसं गाणं, कीर्तन, क्लासचं लेक्चर सगळं मोबाइलमध्ये आलं. ऐकायचं भरपूर झालं आणि ते नीट ऐकू देईल अशी जागा मात्र घरात, बसमध्ये, अभ्यासिकेत सापडेना. नॉइज कॅन्सलेशनवाले बड्स घ्यावेत की नाही हा प्रश्न शहराबाहेर पोचला तो या वाटेने.

तोवर ते तंत्र चांगलंच जुनं झालं होतं. बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याची नेमकी उलटी लाट तयार करायची आणि दोन्ही लाटांना एकमेकींवर सोडायचं, या कल्पनेचं अमेरिकन पेटंट जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळालं. कल्पना कागदावरच राहिली. पुढे १९७८ मध्ये अमर बोस युरोपातून बोस्टनला परतताना विमानाच्या घरघरीने वैतागले आणि त्यांनी विमानातच आकडेमोड मांडली. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचा हा मुलगा, तेव्हा एमआयटीत प्राध्यापक. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि प्रवाशांसाठीचा २००० मध्ये.

हे वंशवृत्त ग्राहकाने लक्षात ठेवावं, कारण यंत्राचा स्वभाव त्यातच आहे. ते जन्मलं एका जातीच्या आवाजासाठी. तो आवाज खालच्या पट्टीतला, एकसुरी आणि न थांबणारा. शंभर हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तीन हजार हर्ट्झची जेमतेम अकरा सेंटिमीटर. लांब लाटेची उलटी लाट जुळवायला यंत्राला उसंत मिळते, आखूड लाट हातातून निसटते. म्हणून एसटीच्या इंजिनाची घरघर, रेल्वेच्या डब्याचा घुमारा, मे महिन्यात रात्रंदिवस चालणारा कूलर यांच्यावर बड्स कमाल करतात. ट्रकचा हॉर्न, कुकरची शिट्टी, लहान मुलाची किंकाळी यांच्यापुढे ते बरेच हतबल असतात. तिथे काम करतं ते कानात घट्ट बसणारं रबरी टोक. वरातीतल्या डीजेचं तर विचारूच नका. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डीजेचा दणका ती ओलांडून थेट छातीत उतरतो, आणि छातीला बड्स लावता येत नाहीत.

खरी सुरुवात २०१९ची. त्या वर्षी जुलैत सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम३ आले आणि ऑक्टोबरअखेर एअरपॉड्स प्रो. सोनीचा २०१७चा पहिला प्रयत्न अडखळत चालला होता, हा मात्र जमला. भारतात एअरपॉड्स प्रोची किंमत होती २४,९०० रुपये. परभणीच्या हिशेबात सांगायचं तर त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,७१० रुपये होता, म्हणजे पावणेसात क्विंटल सोयाबीन देऊन कानाला साडेचार तासांची शांतता. तेवढ्या वेळात बॅटरी संपे आणि बड्स पुन्हा डबीत ठेवावे लागत. सोनीचे सहा तास चालत, पण पाण्या-घामापासून संरक्षणाची कसलीच हमी त्यांना नव्हती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही उणीव छोटी नव्हे.

मग मार्च २०२० उजाडला. शाळा, कॉलेज, ऑफिस, सगळंच फोनच्या पडद्यावर आलं आणि बड्सची परीक्षा बदलली. आपल्याला काय ऐकू येतं यापेक्षा समोरच्याला आपलं काय ऐकू जातं हे मोलाचं ठरलं. जाहिरातींमध्ये मात्र डेसिबलचेच आकडे झळकत राहिले. रोजच्या वापरासाठी बड्स घेणाऱ्याने दुकानात गाणं लावून बघण्याऐवजी बाहेर रस्त्यावर उभं राहून कुणाला तरी फोन लावून बघावा, हा धडा त्या वर्षांचा. अजूनही फार कमी लोक असं करतात.

२०२१ मध्ये किंमत खाली आली. नथिंगचा इअर (१) जुलैत ५,९९९ रुपयांना आला, नॉइज कॅन्सलेशनसह. बोट, नॉइज या देशी नावांनी पुढच्या काळात तो आकडा आणखी खाली खेचला. महाग आणि स्वस्त यांतलं अंतर पूर्वी ‘आहे’ आणि ‘नाही’ असं होतं, ते आता ‘किती’ आणि ‘किती दिवस’ असं झालं. वरच्या थरात सोनीचे एक्सएम४ आठ तास चालू लागले, बोसचे बड्स आले, २०२२ मध्ये एअरपॉड्स प्रोची दुसरी पिढी आली आणि २०२३ मध्ये तिची डबी यूएसबी-सीवर आली. शेवटचा बदल कागदावर किरकोळ दिसतो. घरात एकच चार्जर आणि लाइटचा भरवसा नाही, अशा ठिकाणी तो आवाजाच्या गुणवत्तेपेक्षा जास्त उपयोगाचा होता. त्याच डबीसोबत धुळीपासून बचावाची हमीही आली. काळ्या रानाची धूळ माहीत असलेल्याला तिची किंमत सांगायला नको.

पण गावात या यंत्राचा खरा पेच वेगळाच आहे, आणि कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत तो सापडणार नाही. शेतीची लाइट अनेकदा रात्रीच येते. पाणीपाळीवर असलेला माणूस पिकात दारं धरतो तेव्हा त्याचे डोळे पाण्यावर असतात आणि कान विहिरीवरच्या मोटारीकडे. मोटारीचा सूर बदलला की व्होल्टेज पडलं, सूर तुटला की लाइट गेली. स्टार्टरला ऑटो बसवलेला असला तरी कान तिकडे असतोच. हा सूर म्हणजे नॉइज कॅन्सलेशनचं आवडतं खाद्य: सखल, एकसुरी, सलग. बड्स सगळ्यात आधी पुसून टाकतात तो हाच आवाज. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचीही तीच गत, आणि रानडुकरांची चाहूल कानातल्या रबरी टोकाने दबते. त्यामुळे इथल्या ग्राहकासाठी बाहेरचा आवाज आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड ही जोडीला मिळालेली सोय नसून अर्धी किंमत त्याचीच आहे. २०१९ मध्ये एअरपॉड्स प्रोची जी वाखाणणी झाली त्यात या मोडचा मोठा वाटा होता, कारण त्यातून ऐकू येणारं जग यंत्रातून आल्यासारखं वाटत नव्हतं. स्वस्त बड्समध्ये हा मोड असतो, पण खरखरतो, वारा सुटला की फडफडतो. स्वस्त आणि महाग यांतला फरक ऐकायचा असेल तर तो शांततेत ऐकू येत नाही, इथे येतो.

याच मोडमधून पुढे अनपेक्षित वाट फुटली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीला श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची परवानगी दिली. भारतात ती सोय तेव्हा बंद होती. बेंगळुरूच्या काही तरुणांनी आजीसाठी घरच्या घरी बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणारा फॅराडे पिंजरा बनवून, उपकरणाला आपण अमेरिकेत आहोत असं भासवून ती सुरू करून घेतली. कानठळ्यांपासून वाचवायला निघालेलं यंत्र कमी ऐकू येणाऱ्यांच्या कामी आलं. ज्यांना त्याची गरज नाही त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची मर्यादा आहे: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही, हा नॉइज कॅन्सलेशनचा सगळ्यात कमी बोलला गेलेला फायदा.

सप्टेंबर २०२५ मध्ये एअरपॉड्स प्रोची तिसरी पिढी २५,९०० रुपयांना आली. सोयाबीनचा हमीभाव तोवर ५,३२८ झाला होता, म्हणजे हिशेब पाच क्विंटलच्या किंचित खाली उतरला. अर्थात तो हमीभावाचा हिशेब. मोंढ्यात त्या भावाने सोयाबीन जातंच असं नाही. एका चार्जवर तास मात्र साडेचाराचे आठ झाले.

बदललं नाही ते आयुष्य. प्रत्येक बडमध्ये बोटाच्या नखाएवढी लिथियमची बॅटरी असते. रोज वापरलं की दोन-तीन वर्षांत ती दमते आणि बहुतेक महागड्या बड्समध्ये ती बदलायची सोयच नसते. दुरुस्तीची तपासणी करणाऱ्या आयफिक्सिटने एअरपॉड्स प्रोला दहापैकी शून्य गुण दिले होते. नेदरलँड्सच्या फेअरफोनने २०२४ मध्ये बॅटरी बदलता येतील असे फेअरबड्स काढून हे अशक्य नसल्याचं दाखवलं. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७पासून, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी काढता-घालता यावी असा नियम लागू होतो आहे. कंपन्या तेच मॉडेल इकडेही विकतात की युरोपासाठी वेगळं आणि भारतासाठी चिकटवलेलं असा दुजाभाव करतात, हे त्यानंतरच्या एखाद-दोन दिवाळ्यांत दिसेल. आज बड्स घेणाऱ्याच्या हाती तूर्त पक्कं बिल, वॉरंटीची तारीख आणि परभणीत किंवा फार तर संभाजीनगरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का याची आधीच केलेली चौकशी, एवढंच आहे.