मॉयरर यांची वाटी आणि एकेरी ब्रेक

जुन्या लष्करी ट्रकमधला प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या युद्धयोजनेतून आलेला असतो, आणि ती योजना कालबाह्य झाली की बहुधा तोच भाग दुरुस्ती करणाऱ्याच्या डोकेदुखीचे कारण ठरतो. अमेरिकी लष्कराच्या एम-35 ए-2 या ट्रकमध्ये हे जितके ठळकपणे दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. मिशिगन राज्यातील लॅन्सिंगच्या रिओ कंपनीने 1950 च्या सुमारास उभ्या केलेल्या या सहाचाकी ठेवणीच्या, म्हणजे तीन आसांच्या आणि तिन्ही आसांना इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या ट्रकची रानावनातील भारक्षमता अडीच टन धरली गेली, म्हणून तो अडीच टनी. पक्क्या रस्त्यावर त्याला याच्या दुप्पट भार मान्य होता. कोरिया आणि व्हिएतनाममधील त्याची कामगिरी पुष्कळदा लिहिली गेली आहे. त्याच्या पोटात 1960 च्या दशकात बसलेल्या बहुइंधनी इंजिनाबद्दल मात्र फारसे लिहिले गेलेले नाही.

या इंजिनाचे मूळ अमेरिकेत नाही. जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे मान कंपनीत काम करणारे अभियंते झीगफ्रीड मॉयरर यांनी 1950 च्या दशकात डिझेलच्या ज्वलनाबद्दलची रूढ समजूत उलटी केली. डिझेलचे शक्य तितके बारीक तुषार करून ते तापलेल्या हवेत मिसळावेत आणि धातूच्या भिंतीला लागू देऊ नयेत, असा तोवरचा संकेत होता. मॉयरर यांनी पिस्टनच्या माथ्यावर गोलाकार वाटी कोरली आणि बहुतांश इंधन मुद्दाम त्या वाटीच्या भिंतीवरच पसरवले. हवेत सुटलेला जेमतेम विसावा हिस्सा आधी पेट घेतो आणि भिंतीवरचा पातळ थर, वाटीत घुमणाऱ्या हवेच्या भोवऱ्यात, वाफ होत होत क्रमाक्रमाने जळतो. सारे इंधन एकदम न भडकल्यामुळे डिझेलची परिचित ठकठक इतकी कमी झाली की जर्मनीत या इंजिनाला कुजबुजणारे इंजिन म्हणू लागले. ज्वलनाचा वेग इंधनाच्या जातीपेक्षा भिंतीवरून होणाऱ्या वाफेवर अधिक अवलंबून राहिल्याने डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन, प्रसंगी पेट्रोलही त्यात चालू शकले. शत्रूच्या हल्ल्यात पुरवठा तुटला तर हाती लागेल ते इंधन टाकीत ओतता यावे, या शीतयुद्धकालीन विचाराला ही वाटी नेमकी पूरक होती, आणि अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल कंपनीने याच तत्त्वावर 478 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 7.8 लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन बनवले. मराठी वाचकाला मान हे नाव परके वाटू नये, कारण भारतीय लष्कराचा शक्तिमान ट्रक याच कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला, प्रथम गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे व्हेइकल फॅक्टरीत, तयार होत असे.

मॉयरर यांची वाटी समजली की या इंजिनाची निम्मी दुखणी आपोआप उलगडतात. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर पाहून नवा मालक घाबरतो, परंतु वाटीची भिंत गार असल्यामुळे न जळलेल्या इंधनाची ती वाफ असते आणि इंजिन तापताच ती थांबते. तापल्यावरही पांढरा धूर टिकला तर मात्र नोझल किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन तपासणे भाग आहे. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी असल्याचे, आणि अशा वेळी पंपाला हात लावण्यापूर्वी तुंबलेला एअर फिल्टर पाहणे शहाणपणाचे ठरते.

इंजिन फिरते पण पेटत नाही, अशी तक्रार असेल तर टाकीपासून पुढे क्रमाने जावे. या ट्रकच्या टाकीतच विजेचा एक पंप बसवलेला असतो. मुख्य स्विच चालू करताच त्याची गुणगुण ऐकू आली नाही तर तारा आणि पंप आधी पाहावेत. नंतर पहिल्या फिल्टरच्या तळाचा नळ उघडून इंधन काचेच्या बरणीत घ्यावे, कारण पाणी तळाशी बसून लगेच दिसते. एका पाठोपाठच्या तीन फिल्टरांमधून जाताना लाइनीने कुठे हवा धरली असेल तर ती काढून टाकावी. एवढे करूनही इंजिन मुके राहिले तर संशय अमेरिकन बॉश कंपनीच्या डिझेल पंपावर येतो, ज्यात एकच दट्ट्या सहाही सिलिंडरांना आळीपाळीने इंधन वाटतो. त्या दट्ट्याखालची छोटी टिकली जागेवरून निसटली तर धडधाकट इंजिनही पेटत नाही. पंपाच्या झिजलेल्या सीलमधून इंधन ऑइलमध्ये झिरपू शकते, म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसल्यास आनंद न मानता ती हुंगून पाहावी.

खरा वाद आहे तो पंपाला जोडलेल्या घनतापूरक यंत्रणेचा. पेट्रोलसारखे पातळ इंधन आले तर ही यंत्रणा त्याच्या प्रवाहीपणावरून ते ओळखते आणि पंपाची कमाल मर्यादा वाढवते, म्हणजे इंधन बदलले तरी ताकद फारशी बदलत नाही. अमेरिकी लष्कराने 1980 च्या दशकाच्या अखेरीस रणभूमीवर एकच इंधन वापरण्याचे धोरण स्वीकारले आणि या हुशार यंत्रणेचे प्रयोजनच संपले. उरली ती तिची गळती. अनेक मालक तिला वगळून इंधनाची मर्यादा कायमची ठरवून टाकतात, तर नियमपुस्तिकेचे अभिमानी याला विटंबना मानतात. ट्रकमध्ये केवळ डिझेलच भरले जाणार असेल तर वगळणाऱ्यांची बाजू अधिक सयुक्तिक आहे, मात्र त्यांच्यापैकी पुष्कळांना मर्यादा थोडी चढी ठेवण्याचा मोह होतो आणि एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे मापक न बसवता असे करणे म्हणजे पिस्टन वितळण्याला निमंत्रण होय. उतारावर खालचा गिअर टाकून चाकांना इंजिन फिरवू देणेही तितकेच घातक, कारण 2600 फेऱ्यांची मर्यादा गव्हर्नर इंधन तोडून राखतो आणि चाकांनीच ढकललेल्या इंजिनापुढे तो हतबल असतो. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटतो तो बहुधा असाच.

या साऱ्या देखभालीचे लष्करी साहित्य विपुल आहे आणि त्याची विभागणी बोधक आहे. चालकाच्या पुस्तिकेच्या क्रमांकाअखेर 10 हा आकडा असतो, तुकडीतील मिस्त्रीच्या पुस्तिकेला 20 आणि मोठ्या कार्यशाळेच्या पुस्तिकेला 34. कोणी काय उघडावे आणि कोणी कशाला हातही लावू नये, हे त्यातून ठरते. डिस्पोजलचा ट्रक घेणारा नागरिक एकाच वेळी चालक, मिस्त्री आणि कार्यशाळा असतो, त्यामुळे तीनही पुस्तिका त्याच्यापाशी हव्यात. परंतु सर्वांत वाचनीय साहित्य या पुस्तिकांबाहेरचे आहे. चित्रकथाकार विल आइसनर दुसऱ्या महायुद्धात लष्करात दाखल झाले आणि ‘आर्मी मोटर्स’ या नियतकालिकात त्यांनी जो डोप नावाच्या बेपर्वा सैनिकाच्या चित्रकथांतून वाहनांची निगा शिकवायला सुरुवात केली. आइसनर यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार ॲडज्युटंट जनरलच्या कार्यालयाला हा प्रकार लष्कराच्या प्रतिष्ठेला न शोभणारा वाटला, वाद वाढला, आणि अखेर रूढ पुस्तिका व चित्रकथा यांची तुलनात्मक चाचणी होऊन चित्रकथा सरस ठरली. 1951 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएस’ मासिकाचे कलाकाम त्यांच्याकडे 1971 पर्यंत राहिले. अठरा-एकोणीस वर्षांचा कंटाळलेला सैनिक फिल्टरमधले पाणी रोज का काढत नाही, याचा शोध घेणारे हे साहित्य आहे. पुस्तिका केवळ पाणी काढावे एवढेच सांगतात. दुरुस्तीच्या लेखनाचा हा आदर्श अभियांत्रिकीच्या शिक्षणाने आजही गांभीर्याने घेतलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

इंजिन बंद पडले तर ट्रक उभा राहतो; ब्रेक गेले तर तो उभा राहत नाही, आणि एम-35 ए-2 चे सर्वांत गंभीर दुखणे तिथेच आहे. त्याच्या ब्रेकमध्ये कॉम्प्रेसरची हवा पायाच्या दाबाला केवळ जोर देते, चाकांपर्यंत दाब नेते ते ब्रेक ऑइल, आणि तिन्ही आसांसाठी मास्टर सिलिंडर एकच, मार्गही एकच. त्यामुळे एक रबरी नळी फुटली किंवा एका चाकाचा सिलिंडर गळला की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात. उरतो तो ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावरील ड्रमचा हातब्रेक, जो उभा ट्रक धरून ठेवण्यासाठी आहे आणि भरधाव ट्रक थांबवण्यास अपुरा आहे. लष्करात नळ्या वेळापत्रकानुसार बदलल्या जात, म्हणून ही रचना निभावली. नागरी मालकाच्या अंगणात त्याच नळ्या दशकानुदशके राहतात.

त्यात 1980 च्या दशकात लष्कराने सिलिकॉनचे ब्रेक ऑइल स्वीकारले. ते हवेतील ओलावा शोषत नाही, हा वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या वाहनांसाठी मोठा लाभ. परंतु आत शिरलेले पाणी त्यात न विरघळता थेंबाथेंबाने सर्वांत खालच्या जागी, म्हणजे चाकांच्या सिलिंडरांत, साचते आणि तिथेच गंज धरतो. त्यात ग्लायकॉलचे साधे ऑइल ओतणे सर्वथा वर्ज्य, कारण दोन्ही एकजीव होत नाहीत. नव्या मालकाने पहिला खर्च रंगावर न करता सहाही ड्रम उतरवून सिलिंडरांचे रबरी बूट उचकून पाहण्यावर, प्रत्येक लवचीक नळी बदलण्यावर आणि आतल्या सीलमधून निसटलेले आसाचे ऑइल ब्रेकच्या लाइनरवर आले आहे का हे तपासण्यावर करावा. ड्रम उतरवताना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत हे ध्यानात ठेवावे, नाहीतर पान्यावर कितीही जोर लावला तरी नट अधिकच आवळत जातो. मूळ रूप जपण्याचा आग्रह धरणारे मालकही आता पुढच्या आणि मागच्या आसांसाठी दोन स्वतंत्र मार्ग असलेला मास्टर सिलिंडर बसवू लागले आहेत, आणि घनतापूरक यंत्रणेच्या वादात दोन्ही बाजूंना काही आधार असला तरी या बदलाला विरोध करण्यासारखे एकही कारण सापडत नाही.