जावा घेऊन म्हैसूरला

जुनी जावा घाट चढताना दगा देईल, अशी सगळ्यांना भीती असते. ती दगा देते उतारावर. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचं वेगळं तेल नसतं. पेट्रोलमध्ये आपण जे ऑइल मिसळतो, तेच पिस्टनला मिळतं. घाट उतरताना आपण थ्रॉटल बंद करतो, गाडी मात्र गिअरमध्ये असते. चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद. तापलेला पिस्टन कोरड्या सिलिंडरमध्ये घासतो, फुगतो आणि धरतो. मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. म्हणून गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मी थोड्या थोड्या अंतरावर क्लच दाबतो आणि थ्रॉटल एकदा मोकळा देतो. मागच्या गाडीवाल्याला वाटतं, म्हातारा उगाच रेस करतोय. वाटू दे.

माझी गाडी १९६६ ची, वडिलांनी घेतलेली. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे फिटर होते, मी त्याच पेठेत लेथ चालवली. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी त्याला सल्ले देतो. त्यातले निम्मे त्याला नको असतात. ही जावा तिच्या जन्मगावी, म्हैसूरला न्यायची, तीही स्वतःच्या चाकांवर, हे डोक्यात पुष्कळ दिवस होतं. रस्ता साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास: कागल, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, हिरियूर आणि तिथून महामार्ग सोडून खाली.

जन्मगाव म्हणायचं कारण असं. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ कंपनी काढली आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनायला लागल्या. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मधल्या काळात या गाडीनं दक्षिण महाराष्ट्राची सवय बिघडवून ठेवली. उसाच्या चिखलातून जाईल, मागे दुधाचे कॅन बांधले तरी कुरकुरणार नाही, आणि आवाजावरून घरातल्यांना कोण आलं ते कळेल. २४९ सीसी, एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. गिअर बदलताना पायाच्या दाबानं क्लच आपोआप सुटतो. साठ वर्षांपूर्वी ही सोय होती, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

जुन्या गाड्या लांब पळवण्याचा हा नाद एकट्या कोल्हापूरचा नाही. इर्विन बेकर नावाच्या अमेरिकन माणसानं १९१४ साली इंडियन मोटारसायकलवरून सॅन दिएगो ते न्यूयॉर्क हे अंतर साडेअकरा दिवसांत तोडलं आणि त्याचं नाव ‘कॅननबॉल’ पडलं. त्याच्या नावानं २०१० पासून तिकडे ‘मोटारसायकल कॅननबॉल’ होते. पहिल्या वर्षी किटी हॉकहून, म्हणजे राइट बंधूंचं विमान उडालं तिथून, थेट पॅसिफिकच्या काठी सांता मोनिकापर्यंत. गाड्या सगळ्या १९१६ च्या आधीच्या. मला त्यातली आवडली ती मोजण्याची पद्धत. पहिला कोण आला ते बघत नाहीत. रोजचं ठरलेलं अंतर नेमून दिलेल्या वेळेत, स्वतःच्या चाकांवर पुरं केलं की गुण. गाडी ट्रेलरवर चढली की उरलेल्या मैलांचे गुण गेले. गुण सारखे झाले तर लहान इंजिनाची, जास्त जुनी गाडी वर. त्या काळच्या कित्येक गाड्यांना तेल पुरवायला हातपंप असायचा. स्वार चालता चालता पंप मारायचा, आणि तेल इंजिनातून जाऊन जळायचं नाहीतर रस्त्यावर गळायचं. म्हणजे इंजिन कोरडं पडू न देणं हे तिथेही स्वाराचंच काम.

माझ्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ सिलिंडरनं खाल्ला. बोअर करून करून तो शेवटच्या ओव्हरसाइझला आला होता. पुढे मोठा पिस्टन मिळत नाही, म्हणून आत नवी स्लीव्ह ठोकायची. फोर-स्ट्रोकच्या सिलिंडरला स्लीव्ह बसवणं सोपं, ती नुसती नळी. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. एकीतून पेट्रोल-हवा येते, दुसरीतून धूर जातो. स्लीव्हमध्ये त्या खिडक्या अचूक जागी कापाव्या लागतात आणि त्यांच्या कडा हातानं घासून मोडाव्या लागतात. कड धारदार राहिली तर रिंग अडकून तुटते. रिंगचं तोंड खिडकीसमोर येऊ नये म्हणून पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते. बसवताना ती पिन विसरणारे मेस्त्री मी पाहिलेत. गाडी दारातून बाहेर पडेपर्यंत सगळं छान चालतं.

पिस्टन आणि सिलिंडरमधली फट आम्ही थाऊमध्ये मोजतो, इंचाचा हजारावा भाग. दोन-तीन थाऊ, म्हणजे मिलिमीटरचे पाच ते आठ शतांश. शहरात हळू फिरणाऱ्या गाडीला घट्ट फट चालते, दिवसभर पळणाऱ्या गाडीला थोडी सैल लागते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, त्याला जागा हवी. हे काम आमच्या शहरात चालत जाण्याच्या अंतरावर होतं: ओतकाम करणारा, बोअर मारणारा, होनिंग करणारा, सगळे शेजारी शेजारी. ऑइल इंजिनांवर आणि मोटारींच्या सुट्या भागांवर वाढलेल्या या शहराचं हे खरं धन आहे. त्यातले जुने हात आता थोडेच उरलेत, आणि एका जावाच्या सिलिंडरसाठी सीएनसी मशीन कुणी थांबवत नाही.

दुसरी डोकेदुखी पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आमचा जिल्हा उसाचा, त्यामुळे इथेनॉलविरुद्ध बोलायचं म्हणजे घरच्याच जेवणाला नावं ठेवणं. पण जावाला ते मानवत नाही हे खरं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, मऊ पडतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. उपाय तीन आहेत. मेन जेट थोडा मोठा घालायचा, रबर नव्या जातीचं वापरायचं आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करायची. ऑइलचं प्रमाण मी पंचवीसाला एकच ठेवतो, लिटरला ४० मिली. पंपावर छोटी मोजपट्टीची बाटली काढली की पोरं हसतात. मी आधी ऑइल ओततो, मग पेट्रोल, म्हणजे ते नीट मिसळतं.

पुतण्या त्याच्या नव्या गाडीवरून मागे येणार होता. त्याच्या पिशवीत पाने, पक्कड, फीलर गेज, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, क्लचची केबल आणि साखळीची कडी. त्याचं मत स्पष्ट होतं.

“काका, गाडी टेम्पोत घालूया. तिथं उतरवून फिरवा की दोन दिवस.”

“टेम्पोत घालायची तर घरीच बसलो असतो की रं.”

तवंदी घाट गाडी पहाटेच्या गारव्यात आरामात चढली. वेग साठच्या आतच. तासाभरानं थांबायचं, दहा मिनिटं इंजिन गार होऊ द्यायचं, दोन्ही चाकांच्या हबला हात लावून बघायचा, नट आवळायचे. प्लग काढून त्याचा रंग बघायचा. तांबूस तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला तर मिश्रण पातळ आहे, काळा आणि ओला असेल तर जाड. चालवताना कान इंजिनाकडे. जाम होण्याआधी ते सांगतं: बारीक टिणटिण आवाज येतो, गाडी अचानक जड वाटते. त्या क्षणाला क्लच दाबायचा, बाकी काही नाही.

राणेबेन्नूरच्या पुढे भर दुपारी गाडी अडखळायला लागली. गार झाली की चालू, पाच किलोमीटरवर पुन्हा बंद. हे लक्षण ओळखीचं. पेट्रोलचा दोष असता तर बहुधा गार झाल्यावरही राहिला असता. उजवं कव्हर उघडून किक मारली, तर पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडत होती आणि पॉइंटची टोकं करपली होती. कंडेन्सर गेला. त्याचं काम ही ठिणगी गिळायची आणि सगळा जोर कॉइलमधून प्लगला जाऊ द्यायचा. इंजिनाच्या उष्णतेजवळ बसवल्यामुळे तो लवकर मरतो. नवा मी बाहेर, फ्रेमला बांधला. पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, फट ०.४ मिलिमीटर केली. पुतण्यानं हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि पुढच्या थांब्यावर स्वतः प्लग काढून मला रंग सांगितला.

अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा नियम मात्र कडक. सहा व्होल्टचा दिवा, इंजिन हळू फिरलं की आणखी मंद. महामार्गावर त्याच्या भरवशावर जाणं हा मूर्खपणा आहे.

म्हैसूरला पोचल्यावर चहाच्या गाड्यावर एक वयस्कर गृहस्थ थांबले. कधीकाळी जावाच्या कारखान्यात होते. त्यांनी गाडीचं कौतुक वगैरे केलं नाही. किक मारायला सांगितली आणि वाकून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळवे धरले. डावीकडचा दाब कमी होता. आतला बॅफल कार्बननं भरला होता. परत निघायच्या आधी तो काढून साफ केला आणि येताना चढावर गाडी मोकळी वाटली.

कागदांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. ज्यांना गाडी खरोखर चालवायची आहे, त्यांनी जुनी साधी नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून जिवंत ठेवावी. माझी तशीच आहे.

तुमच्या गोठ्यात किंवा माळ्यावर पोत्यांखाली अशी जावा पडली असेल, तर भंगारवाल्याला फोन करायच्या आधी आरसी बुक शोधा. सापडलं तर टाकीतलं पेट्रोल काढून टाका. प्लग काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी लगेच किक मारू नका. गाडी गिअरमध्ये घालून मागचं चाक हातानं हळू पुढे-मागे हलवा. फिरलं, तर मग मेस्त्री शोधा. कोल्हापुरात अजून आहेत.