उपकरण गेटवे

उपकरण गेटवे म्हणजे प्रयोगशाळेतील मापन-उपकरणांना संगणकांच्या जाळ्याशी जोडणारा मध्यस्थ संच होय. त्याच्या एका बाजूस उपकरणाची जुनी जोडणी आणि दुसऱ्या बाजूस इथरनेटची केबल असते. जाळ्यावरून आलेली आज्ञा उपकरणास समजेल अशा रूपात पुढे पाठवणे आणि उपकरणाचे उत्तर संगणकाकडे परत नेणे, हे त्याचे दुभाष्याचे काम आहे.

पार्श्वभूमी

ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने 1960च्या दशकात उपकरणे परस्परांशी जोडण्याची एक पद्धत विकसित केली. 1975 मध्ये ती आयईईई-488 या नावाने प्रमाणित झाली. पुढे ती जीपीआयबी या नावाने रूढ झाली. या पद्धतीत एका जोडणीवर जास्तीत जास्त 15 साधने बसतात आणि केबलची एकूण लांबी 20 मीटरपुरती मर्यादित असते. आरएस-232 या दुसऱ्या प्रचलित जोडणीची केबलही साधारणपणे 15 मीटरपेक्षा लांब ठेवत नाहीत. त्यामुळे संगणक उपकरणाशेजारीच असावा लागे. गेटवेमुळे हे बंधन सुटते आणि जुने, महागडे पण सुस्थितीतील उपकरण बाद करावे लागत नाही.

मराठवाड्यातील संदर्भ

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 17 सप्टेंबर 1994 रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात आणि लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे. शिक्षणसंस्था अशा दूरदूरच्या गावी विखुरलेल्या असतात, तेव्हा एका ठिकाणच्या उपकरणाचे वाचन दुसऱ्या ठिकाणी मिळण्याचे महत्त्व उघड आहे.

संरचना

प्रथम उपकरणाचा स्वतःचा क्रमांक ठरवतात. जीपीआयबीमध्ये तो 0 ते 30 यांपैकी असतो आणि एकाच जोडणीवरील दोन साधनांना समान क्रमांक देता येत नाही. आरएस-232 जोडणीत वेग, डेटा बिट, पॅरिटी व स्टॉप बिट ही चारही मूल्ये दोन्ही बाजूंना सारखी असावी लागतात. अन्यथा निरर्थक अक्षरे उमटतात.

त्यानंतर गेटवेला आयपी पत्ता देतात. हा पत्ता आपोआप मिळण्याची व्यवस्था असेल, तर वीज जाऊन परत आल्यावर तो बदलू शकतो आणि संगणकास उपकरण सापडत नाही. म्हणून 192.168.10.20 यासारखा स्थिर खाजगी पत्ता देणे श्रेयस्कर ठरते. संरचनेच्या पानावरील ‘डिफॉल्ट गेटवे’ हा शब्द मात्र वेगळ्या अर्थाचा आहे. जाळ्याबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता तेथे अपेक्षित असतो, उपकरण गेटवेचा नव्हे.

शेवटी चाचणी घेतात. आयईईई-488.2 या 1987च्या प्रमाणातील ‘*आयडीएन?’ हा प्रश्न पाठवला असता उपकरण निर्माता, नमुना, अनुक्रमांक व आज्ञावलीची आवृत्ती असे चार भागांचे उत्तर देते.

प्रतीक्षाकाल

उत्तरासाठी किती वेळ थांबावे, हे ठरवताना होणारी चूक सर्वांत घातक असते, कारण ती सहज दिसत नाही. समजा, मापनास 20 सेकंद लागतात, परंतु प्रतीक्षाकाल 5 सेकंदच ठेवला आहे. आरएस-232च्या उपकरणाचे उशिरा आलेले उत्तर गेटवेत साठून राहते आणि पुढच्या नमुन्याचे उत्तर म्हणून वाचले जाऊ शकते. मग पहिल्या नमुन्याचा आकडा दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या नावावर नोंदला जातो. पाण्याच्या वा रक्ताच्या तपासणीत याचा परिणाम गंभीर होऊ शकतो. म्हणून प्रतीक्षाकाल सर्वांत संथ मापनापेक्षा अधिक ठेवतात आणि प्रत्येक प्रश्नापूर्वी साठा रिकामा करतात.

वेळेची नोंद

वाचन केव्हाचे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात विनाशकारी भूकंप झाला. त्यानंतर द्वीपकल्पातील पुणे, कराड यांसह दहा भूकंपमापन केंद्रे अद्ययावत करण्यात आली. भूकंपाचे केंद्र निरनिराळ्या ठिकाणी लहरी पोहोचण्याच्या वेळांवरून काढतात. कवचातील प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर असल्याने घड्याळातील एका सेकंदाची चूकही अंतरात तेवढाच फरक पाडते. प्रयोगशाळेतही सर्व संगणकांची घड्याळे एकाच वेळ-सर्व्हरशी जुळवलेली असणे आवश्यक असते.

सुरक्षा

गेटवेतून वाचने बाहेर येतात, तशाच आज्ञाही आत जातात. 1995च्या व्हीएक्सआय-11 या प्रचलित पद्धतीत संकेतशब्दाची सोय नाही. त्यामुळे जाळ्यावरील कोणीही उपकरणाची मांडणी बदलू शकतो. यास्तव गेटवेला सार्वजनिक पत्ता न देता तो वेगळ्या अंतर्गत जाळ्यात ठेवतात. बाहेरगावाहून वापर करायचा असल्यास व्हीपीएनचा मार्ग अवलंबतात आणि संरचना-पानाचा कारखान्याकडून आलेला संकेतशब्द प्रथम बदलतात.